पुतळा बोसांचा, पण खनिज कुणाला माहीत होतं?

जमशेदपूरला 12 मे रोजी भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांची जयंती साजरी होते, पुतळ्याला हार पडतो. कारण काय, तर 24 फेब्रुवारी 1904 चं त्यांचं पत्र. मयूरभंजात उत्तम लोहखनिज आहे असं त्यांनी जमशेटजी टाटांना कळवलं आणि पुढे साकचीला पोलाद कारखाना आला. 'शोध लावला' असं आपण पटकन लिहितो. तिथेच जरा थांबा.

त्याआधी टाटांची माणसं आपल्या चंद्रपूरकडे, लोहाऱ्याला खनिज पाहत होती. मग नागपूरच्या संग्रहालयात दोराबजींना एक नकाशा दिसला, दुर्ग भागात लोखंड दाखवणारा. त्यामागचं कामही बोसांचंच, सरकारी नोकरीतलं! (कनिष्ठ असलेल्या हॉलंडला संचालकपद मिळालं, म्हणून 1903 मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. सरकारने डावललेला माणूस कंपनीच्या गावात पुतळा झाला.)

आता त्यांच्या 1887 च्या अहवालाचं शीर्षक बघा. विषय आहे रायपूरच्या पश्चिम भागातला लोखंड 'उद्योग'. उद्योग म्हणजे भट्ट्या आल्या, त्या पेटवणारे आले. खनिज कुठलं चांगलं, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. बोसांना तिथवर कुणी नेलं असेल? तो अहवाल एकदा याच प्रश्नासाठी वाचा.