नाव कोण सुचवणार?



१२ मे हा परिचारिका दिन. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १८२० साली याच तारखेला झाला. या दिवशी आरोग्य केंद्रात सिस्टरांना फूल देतात, फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी लसीकरणाची यादी घेऊन सिस्टर पुन्हा वाडीवर हजर. आम्ही बचत गटांच्या सहयोगिनी आज बोलणार आहोत ते त्या फुलाच्या पुढच्या गोष्टीबद्दल. आरोग्यसेवा करणाऱ्यांना देशपातळीवर सन्मान मिळतो, तेव्हा त्यांचं नाव सुचवतं कोण? हा अधिकार आधी कुणाकडे होता, आता कुणाकडे आहे, आणि आपण बायका तो वापरतो का?

नाइटिंगेलबाई भारतात कधी आल्या नाहीत, पण इथल्या छावण्यांच्या आणि गावांच्या स्वच्छतेवर त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं. १९१० साली त्या गेल्या. १९१२ साली वॉशिंग्टनला रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे त्यांच्या नावाचं पदक सुरू करायचं ठरलं. मग महायुद्ध आलं. पहिली पदकं दिली गेली ती १९२० साली. या पदकासाठी नाव पाठवते त्या त्या देशाची रेडक्रॉस संस्था. म्हणजे नर्सची निवड व्हायला आधी संस्थेला तिचं काम दिसलं पाहिजे.

आपल्याकडे इंग्रजांच्या राज्यात १९०० साली ‘कैसर-ए-हिंद’ पदक सुरू झालं. लोकसेवेसाठीचं हे पदक दवाखाने चालवणाऱ्या डॉक्टर बायकांनाही मिळालं. पण ते देणारं सरकार परकं. गावच्या सुईणीचं काम त्या सरकारच्या टेबलापर्यंत पोचणार कसं?

डॉ. जेरुशा झिराड यांचं उदाहरण घेऊ. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजातल्या या बाई विलायतेत शिकल्या. १९२८ ते १९४७ अशी जवळपास वीस वर्षं त्यांनी मुंबईचं कामा हॉस्पिटल सांभाळलं. १९४५ साली इंग्रज सरकारने त्यांना एम.बी.ई. दिला आणि १९६६ साली आपल्या सरकारने पद्मश्री. राज्य बदललं तरी त्यांचं काम दोन्ही सरकारांना दिसलं, याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण एक विचार मनात येतोच. मोठ्या डॉक्टरांच्या नावाची पाटी दारावर असते. रात्रपाळीच्या नर्सचं नाव ड्यूटीच्या तक्त्यावर असतं, आणि महिना संपला की तक्ता बदलतो.

पद्म पुरस्कार सुरू झाले १९५४ साली. २६ जानेवारीच्या सुमारास नावं जाहीर होतात. कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसते, तिच्या शिफारशी पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे जातात. बरीच वर्षं समितीपुढे येणारी नावं मुख्यतः राज्य सरकारं, मंत्रालयं आणि मोठ्या पदांवरच्या माणसांकडून यायची. ज्याची त्या वर्तुळात ओळख, त्याचं नाव पुढे जायचं.

या पुरस्काराचा एक नियम आपल्यातल्या फार थोड्या जणींना ठाऊक असेल. सरकारी नोकरीत असलेल्यांना पद्म पुरस्कार मिळत नाही. त्याला सवलत आहे ती डॉक्टर आणि शास्त्रज्ञांना. त्या सवलतीत नर्सचा उल्लेख नाही. एकाच सरकारी दवाखान्यात, एकाच बाळंतपणाला दोघी उभ्या असतात. नियमाच्या कागदावर एक बसते, दुसरी बसत नाही.

तरी वाट अगदीच बंद नाही. शांती तेरेसा लाक्रा या अंदमानच्या सरकारी नर्स. लिटल अंदमान बेटावर डुगाँग क्रीक इथे ओंगे आदिवासींमध्ये त्यांनी काम केलं. २००४ च्या त्सुनामीनंतरही त्या लोकांसोबत राहिल्या. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

खास नर्ससाठी आपल्या देशात वेगळा सन्मान आहे, ‘राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार’. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने तो १९७३ साली सुरू केला. उपकेंद्रातल्या एएनएम, त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या आरोग्य सहायिका म्हणजे एलएचव्ही, आणि रुग्णालयातल्या नर्स, अशा तिन्ही गटांना तो मिळतो. राष्ट्रपतींच्या हस्ते पदक, प्रमाणपत्र आणि रोख रक्कम दिली जाते. ज्या बाईला आपण ‘नर्सबाई’ एवढ्याच नावाने ओळखतो, तिच्यासाठी दिल्लीचं दार उघडणारा हा पुरस्कार आहे. यासाठीचे अर्ज राज्यामार्फत जातात. वरिष्ठांनी कागद पुढे सरकवला तर नाव जातं, कागद कपाटात राहिला तर नाव तिथेच थांबतं.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावोगाव आशाताई आल्या. त्या सरकारी नोकर नाहीत आणि नर्सही नाहीत, म्हणून नर्सच्या पुरस्कारात त्यांना जागा नाही. कोरोनात घरोघर फिरल्या त्या याच. २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला. पुढच्याच वर्षी, २०२२ च्या मे महिन्यात, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या १० लाखांहून अधिक आशांचा एकत्र सन्मान केला. आनंद झालाच. पण सन्मान दहा लाख जणींचा एकत्र असला की त्यात एकीचंही नाव येत नाही. आणि मैत्रिणींनो, पदक हे पगाराच्या जागी देता येत नाही. मानधन वेळेवर मिळावं ही मागणी वेगळी आणि सन्मान वेगळा. आपल्याला दोन्ही मागायचे आहेत.

आता महत्त्वाचा बदल ऐका. २०१६ पासून पद्म पुरस्कारांसाठी नावं ऑनलाइन घेतात. भारताचा कोणीही नागरिक नाव सुचवू शकतो, अगदी स्वतःचंही. त्यानंतर २०१८ साली कर्नाटकातल्या पावगड तालुक्यातल्या सूलगित्ती नरसम्मा यांना पद्मश्री मिळाली. ‘सूलगित्ती’ म्हणजे कन्नडमध्ये सुईण. आयुष्यभर त्यांनी पैसे न घेता हजारो बाळंतपणं केली. त्याच वर्षी आपल्या गडचिरोलीच्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनाही पद्मश्री मिळाली. नवजात बाळांना घरच्या घरी वाचवण्याचं त्यांचं काम जगात नावाजलं गेलं. ते काम घरोघर पोचवलं गावातल्याच शिकवलेल्या बायकांनी, ज्यांना तिथे ‘आरोग्यदूत’ म्हणतात.

हा सगळा इतिहास आम्हाला एकच गोष्ट शिकवतो. काम कितीही मोठं असो, कुणीतरी ते लिहून पाठवल्याशिवाय निवड समितीला दिसत नाही. आणि लिहिणं तर आपल्याला येतं! बचत गटाचं इतिवृत्त आपण दर महिन्याला लिहितोच ना?

पद्मच्या अर्जात कामाची माहिती जास्तीत जास्त ८०० शब्दांत द्यायची असते. त्यात ‘देवमाणूस आहे’, ‘आईसारखी माया लावते’ एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या साली बाई गावात आल्या, किती वाड्या पायी फिरल्या, त्या येण्याआधी बाळंतपणं कुठे व्हायची आणि आता कुठे होतात, पुराच्या रात्री काय घडलं, हे सालासकट लिहावं लागतं. उपकेंद्राच्या नोंदी, ग्रामसभेचा ठराव, जुनी कात्रणं उपयोगी पडतात. एखाद्या बाईच्या आजाराची किंवा बाळंतपणाची हकिगत लिहायची असेल, तर आधी तिला विचारायचं.

आम्ही ग्रामसंघाच्या बैठकीत ठरवलंय की वर्षातून एक बैठक यासाठी ठेवायची. ज्या सिस्टर नोकरीत आहेत त्यांच्यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटायचं आणि नर्सच्या पुरस्काराचा अर्ज पुढे पाठवायची विनंती करायची. ज्या निवृत्त झाल्या त्यांना पद्मचा सरकारी नोकरीचा नियम आडवा येत नाही, म्हणून त्यांचं नाव आपणच भरायचं. मात्र हे त्यांच्या हयातीतच करायला हवं, कारण पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत.

पुरस्कार मिळेलच असं नाही. देशभरातून हजारो नावं जातात. पण तीस वर्षं गावाची बाळंतपणं केलेल्या बाईचं काम एकदा नीट लिहून काढलं, तर तो कागद गावाकडे राहतो. पुढे कुणी विचारलं की आपल्या गावात आरोग्य कुणी आणलं, तर दाखवायला आपल्याकडे काहीतरी असेल. तुमच्या गावात असं कोण आहे? पुढच्या बैठकीत तिचं नाव घ्या आणि वहीत लिहा.