थ्रेडचा आरंभ आणि वस्तूचे आयुष्य : एका दोषाचा इतिहास

एका आज्ञावलीतून अनेक कार्ये एकाच काळी चालविण्यासाठी मेल्विन कॉनवे यांनी १९६३ मध्ये ‘फोर्क’ व ‘जॉइन’ या दोन क्रियांची मांडणी केली. फोर्कने कार्याची शाखा फुटावी आणि जॉइनने ती मूळ प्रवाहास पुन्हा मिळावी, अशी ही योजना होती. यांपैकी दुसरी क्रिया पुढे ऐच्छिक ठरली, आणि तेथेच एका चिवट दोषास वाव मिळाला.

१९९५ च्या पॉसिक्स थ्रेड मानकाप्रमाणे नव्या थ्रेडच्या हाती आरंभी केवळ एक पत्ता दिला जातो. हा पत्ता पुष्कळदा थ्रेड सुरू करणाऱ्या फंक्शनमधील स्थानिक वस्तूचा असतो. थ्रेड प्रत्यक्ष केव्हा धावू लागेल, हे मात्र ऑपरेटिंग सिस्टिम ठरविते. तत्पूर्वीच फंक्शन संपले, तर वस्तूचे आयुष्यही संपते. तिची जागा दुसऱ्या उपयोगास जाते आणि थ्रेड भलतेच काही वाचतो. चाचणीत बिनचूक चालणारी आज्ञावली भार वाढताच कोसळते, ती अशा वेळी. वस्तूचे स्वामित्व थ्रेडकडे सोपविणे, किंवा त्याने प्रत घेतल्याची खूण देईपर्यंत थांबणे, हे उपाय उपलब्ध होतेच. परंतु त्यांचे पालन सर्वस्वी लिहिणाराच्या शिस्तीवर अवलंबून होते.

सी++ भाषेत हा प्रश्न वादाचा झाला. जॉइन न करता थ्रेडची वस्तू नष्ट झाल्यास थ्रेड मोकळा सोडावा, हा प्रघात बूस्ट संग्रहात होता. असा थ्रेड संपलेल्या फंक्शनच्या वस्तूंना स्पर्श करीत राहील, असा आक्षेप हान्स बोएम यांनी २००८ मध्ये घेतला. २०११ च्या मानकाने अशा प्रसंगी संपूर्ण आज्ञावलीच थांबविण्याचा नियम केला. मूक विपर्यासापेक्षा उघड अंत बरा, असाच त्याचा अर्थ होय. २०२० च्या मानकातील ‘जेथ्रेड’ नष्ट होताना आपण होऊन जॉइन करतो.

रस्ट भाषेचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. तेथेही आरंभी थ्रेडची वाट पाहण्याचे काम एका रक्षक वस्तूच्या नाशाशी जोडलेले होते. परंतु परस्परांना धरून राहिलेल्या वस्तूंच्या चक्रात रक्षक अडकला, तर त्याचा नाश कधीच होत नाही, हे एप्रिल २०१५ मध्ये दिसून आले. म्हणून मे महिन्यातील पहिल्या स्थिर आवृत्तीत ही सोय वगळण्यात आली. ऑगस्ट २०२२ मधील १.६३ आवृत्तीत ती नव्या रूपाने परतली : आता सर्व थ्रेड एका वेष्टक फंक्शनच्या आत सुरू होतात, व ते सारे संपल्यावाचून ते फंक्शन परत येत नाही.

या इतिहासाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. जो नियम केवळ शिष्टाचार म्हणून राहतो, तो केव्हातरी मोडतो. तोच भाषेच्या व्याकरणात शिरला, म्हणजे सदोष वाक्य रचताच येत नाही. कॉनवे यांची जोडी जेथे अविभाज्य झाली, तेथेच वस्तूचे आयुष्य सुरक्षित झाले.