नकाशाच्या कोपऱ्यातला जिल्हा : निकोबार

भारताचा नकाशा फळ्यावर टांगला, की उजव्या बाजूला खाली ठिपक्यांची एक रांग दिसते. ‘अंदमान आणि निकोबार’ हे शब्द आपण एका दमात म्हणतो. विद्यार्थीही तसेच पाठ करतात. प्रत्यक्षात या दोन नावांच्या मध्ये सुमारे १५० किलोमीटर रुंदीचा उघडा समुद्र आहे. दहा अंश उत्तर अक्षवृत्त त्यातून जाते म्हणून त्याला टेन डिग्री चॅनेल म्हणतात. त्याच्या उत्तरेला अंदमान, दक्षिणेला निकोबार. दोन्हीकडचे मूळ रहिवासी वेगळे आणि त्यांच्या भाषाही वेगळ्या. निकोबारी भाषांचे नाते मेघालयातल्या खासीशी आणि आग्नेय आशियातल्या मोन व ख्मेर भाषांशी आहे. अंदमानच्या मूळ भाषांशी त्यांचा संबंध नाही. तरीही कारभाराच्या सोयीसाठी शंभराहून अधिक वर्षे ही बेटे एकाच दप्तरात बांधली गेली. ते कसे घडले आणि त्याचे काय परिणाम झाले, ते पाहू या.

आधी भूगोल. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १,८४१ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे मिळून होतात त्याच्या तिप्पट. पण ही जमीन सलग नाही. उत्तरेच्या कार निकोबारपासून दक्षिणेच्या इंदिरा पॉइंटपर्यंत सुमारे अडीच अंशांचा फरक आहे. मुंबईपासून विजयदुर्गापर्यंत किनारा जितका दक्षिणेला उतरतो तितकाच हा पल्ला, फक्त मध्ये रस्ता नाही, समुद्र आहे. या अंतरात वीस-बावीस बेटे विखुरलेली आहेत आणि त्यांपैकी जेमतेम डझनभर बेटांवर वस्ती आहे.

बेटांचे तीन गट सहज पडतात. उत्तरेला कार निकोबार : सपाट, प्रवाळाच्या चुनखडकाचे, नारळाने भरलेले. मध्ये चौरा, तेरेसा, कच्छाल, कामोर्टा, नानकौरी ही बेटे. दक्षिणेला लिट्ल निकोबार आणि ग्रेट निकोबार. ग्रेट निकोबार डोंगराळ आहे. माउंट थुलियर हे त्याचे शिखर ६४२ मीटर उंच. इथे घनदाट जंगल आहे आणि बारमाही नद्याही आहेत. नद्यांची नावे गालाथिया, अलेक्झांड्रा, डगमार. विद्यार्थ्यांना ही नावे वाचून दाखवा आणि ती कुठल्या देशाची असतील ते विचारा. डेन्मार्क असे उत्तर सहसा कुणी देणार नाही! ‘गालाथिया’ हे १८४६ मध्ये इथे आलेल्या डॅनिश संशोधन जहाजाचे नाव. अलेक्झांड्रा आणि डगमार ही डेन्मार्कच्या राजकन्यांची नावे.

डेन्मार्क इथे कसा पोचला? तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे डॅनिश लोकांची वखार होती. तिथून निघून १७५६ साली त्यांनी या बेटांवर आपला हक्क जाहीर केला आणि राजाच्या नावावरून त्यांना फ्रेडरिक बेटे असे नाव दिले. बेटांना आधी नाव नव्हते असे नाही. अकराव्या शतकातल्या राजेंद्र चोलाच्या तंजावरच्या शिलालेखात ‘नक्कवारम्’ येते आणि निकोबार हे त्याचेच बदललेले रूप. पण वसाहत करणाऱ्यांना जुनी नावे चालत नाहीत, हा जगभरचा अनुभव आहे.

डॅनिश वसाहत पुन:पुन्हा मोडली. १७६८ पासून मोरेव्हियन पंथाचे मिशनरी नानकौरीला येऊन राहिले; १७८७ मध्ये त्यांनीही गाशा गुंडाळला. त्यांच्यातले बरेच जण तापाने गेले. मध्येच, १७७८ मध्ये, एका ऑस्ट्रियन जहाजाने येऊन ही बेटे आपल्या सम्राटाची असल्याचे जाहीर केले. ती वसाहतही काही वर्षांतच संपली. ताप अर्थातच हिवतापाचा होता. त्या काळी तो दूषित हवेने येतो असे मानत. डास आणि हिवताप यांचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत दाखवला तो १८९७ साली.

या सगळ्यांनी वस्तीसाठी मुख्यतः नानकौरीचा परिसरच निवडला, याचे कारण भूगोलात आहे. कामोर्टा आणि नानकौरी या दोन बेटांच्या मध्ये समुद्राची एक अरुंद, वाऱ्यापासून सुरक्षित पट्टी आहे. शिडाच्या जहाजांना याहून चांगले नैसर्गिक बंदर मिळणे कठीण. उलट कार निकोबारला असे बंदर नाही. पण माणसे तिथेच जास्त. जहाजाने येणाऱ्याच्या दृष्टीने जिल्ह्याचा मध्य नानकौरी होता आणि तिथे राहणाऱ्यांच्या दृष्टीने कार निकोबार. पुढच्या कारभारात ही ओढाताण सतत दिसते.

डेन्मार्कने १८६८ मध्ये आपले हक्क ब्रिटनला विकले. त्या आधी काही दशके या बेटांजवळ व्यापारी जहाजांवरच्या लोकांच्या हत्या झाल्या होत्या आणि ब्रिटिशांना तो समुद्र आपल्या धाकात हवा होता. या खरेदी-विक्रीत बेटांवरच्या लोकांना कुणी विचारले नाही, हे वेगळे सांगायला नको. १८६९ मध्ये ब्रिटिशांनी कामोर्टावर कैद्यांची वसाहत उभारली आणि १८८८ मध्ये ती मोडली. हिवतापापुढे तेही टिकले नाहीत. अंदमान आणि निकोबार ही बेटे एकाच चीफ कमिशनरच्या हाती, पोर्ट ब्लेअरला बांधली गेली ती याच काळात, १८७२ मध्ये. आज आपण जोडीने घेतो ती दोन नावे इथे जुळली.

त्याच सुमारास घडलेली एक गोष्ट विज्ञानाच्या शिक्षकांनी जरूर सांगावी. ३१ डिसेंबर १८८१ रोजी कार निकोबारजवळ मोठा भूकंप झाला. बंगालच्या उपसागराभोवतीच्या बंदरांत भरती-ओहोटी मोजणारी यंत्रे तेव्हा नुकतीच बसवली होती. त्यांच्या कागदावर त्सुनामीच्या लाटा उमटल्या. लाटा लहान होत्या, मीटरभरसुद्धा नाही. पण या समुद्राच्या तळाशी एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो आहे, याचा पुरावा त्या कागदांत होता. तो वाचण्याचे शास्त्र मात्र अजून जन्मायचे होते.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, बेटे जपानच्या ताब्यात होती. कार निकोबारच्या लोकांना वेठीस धरून तिथे धावपट्टी बांधून घेतली गेली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेत या बेटांचे प्रतिनिधी म्हणून कार निकोबारचेच जॉन रिचर्डसन नियुक्त झाले. १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण नियमाने बहुतेक बेटे राखीव ठरली. परवान्याशिवाय बाहेरच्या माणसाला तिथे जाता येईना. १ ऑगस्ट १९७४ रोजी निकोबार हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि मुख्यालय कार निकोबारला आले. बंदर मागे पडले, माणसे पुढे आली, असे म्हणायला हरकत नाही.

तहसिलींची गोष्ट मात्र वेगळी. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात दोनच तहसिली होत्या, कार निकोबार आणि नानकौरी. क्षेत्रफळाने निम्म्याहून मोठे असलेले ग्रेट निकोबार नानकौरी तहसिलीत होते! २०११ पर्यंत सात तहसिली झाल्या. कार निकोबारमध्ये जमीन एकेका माणसाच्या नावावर नसते. ‘तुहेत’ नावाच्या मोठ्या कुटुंबाच्या मालकीची असते. सात-बाराच्या सवयीने पाहणाऱ्या आपल्याला हे चमत्कारिक वाटेल. एक शब्द मात्र ओळखीचा वाटेल : बाजूला तरंगता ओंडका जोडलेल्या निकोबारी नावेला त्या बेटांवर ‘होडी’च म्हणतात.

ग्रेट निकोबारच्या पूर्व किनाऱ्यावर १९६९ पासून माजी सैनिकांची सुमारे ३३० कुटुंबे वसवण्यात आली. त्यांत पंजाबी, तमिळ, मलयाळी यांच्याबरोबर महाराष्ट्रातलीही कुटुंबे होती. त्यामुळे एकाच बेटावर तीन समाज झाले : आतल्या जंगलात शोंपेन, पश्चिम व दक्षिण किनाऱ्यावर निकोबारी आणि कॅम्पबेल बेच्या बाजूला नवे रहिवासी.

२६ डिसेंबर २००४ चा भूकंप आणि त्सुनामी सर्वांना माहीत आहे. आकडे कमी माहीत आहेत. अंदमान-निकोबारमध्ये मृत आणि बेपत्ता मिळून साडेतीन हजारांच्या आसपास माणसे गेली, त्यातली बहुसंख्य निकोबार जिल्ह्यातली. २००१ मध्ये ४२,०६८ असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ३६,८४२ झाली. जमीनही खचली. इंदिरा पॉइंट चार मीटरहून अधिक खाली गेला आणि तिथल्या दीपस्तंभाचा पाया समुद्रात आला. ट्रिंकेट बेटाचे तुकडे झाले; तिथले लोक कामोर्टाला नेले गेले.

ग्रेट निकोबारच्या पश्चिम व दक्षिण किनाऱ्यावरचे वाचलेले निकोबारी लोक कॅम्पबेल बेजवळच्या छावण्यांत आणि नंतर तिथेच बांधलेल्या घरांत आणले गेले. ती व्यवस्था तात्पुरती आहे असे त्यांनी धरले होते. आपल्या जुन्या गावी परत जाऊ द्या, ही त्यांची मागणी तेव्हापासूनची आहे. कागदावर मात्र रिकामे झालेले गाव हे वस्ती नसलेले गाव असते. जानेवारी २०२१ मध्ये गालाथिया उपसागराचे अभयारण्य रद्द करण्यात आले. चामडी पाठीची कासवे अंडी घालायला येतात तो हाच किनारा. नोव्हेंबर २०२२ मध्ये मालवाहू जहाजांचे मोठे बंदर, विमानतळ आणि शहर यांच्या प्रकल्पाला पर्यावरण परवानगी मिळाली. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगलजमीन वळवायची आहे. लिट्ल आणि ग्रेट निकोबारच्या आदिवासी परिषदेने आधी संमती दिली होती. आपली त्सुनामीपूर्वीची गावे त्याच क्षेत्रात येतात हे कळल्यावर त्याच महिन्यात परिषदेने पत्र लिहून ती संमती मागे घेतली.