एक नाव, दोन ‘विक्रांत’

वाईत सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तेव्हा ‘विक्रांत’ नौदलाच्या सेवेत होती. छापील कोशाला पुढचे फेरबदल कसे कळावेत? ४ मार्च १९६१ रोजी दाखल झालेली ही विमानवाहू नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. त्यानंतरही ती काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. लोक तिच्यावर चढत-उतरत, मात्र कार्यरत नौकांच्या यादीत तिला स्थान नव्हते. २०१४ मध्ये तिची मोडतोड सुरू झाली. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत दुसरी ‘विक्रांत’ दाखल झाली आणि गंमत म्हणजे, ‘आर ११’ हा क्रमांकही तिला पहिलीचाच मिळाला. नाव तेच, क्रमांक तोच. यादी करणाऱ्याला या दोघी वेगळ्या ओळखता येतात त्या केवळ दाखल झाल्याच्या तारखेवरून.