चाकाची धाव

मराठीत ‘धाव’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पळणे हा पहिला, तो शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. दुसरा आता खेड्यातल्या सुतार-लोहारांच्या तोंडीच काय तो उरला आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी बसवतात, तिलाही धाव म्हणतात. इंग्रजीतला ‘टायर’ तो हाच. आज आपण टायर म्हटले की रबर डोळ्यांपुढे आणतो. पण रबर या गोष्टीत फार उशिरा आले. हजारो वर्षे चाकाचा जमिनीशी जो काही व्यवहार चालला, तो प्रथम लाकडाने आणि मग लोखंडाने चालवला.

धाव चढवणे हा एक सोहळाच असे. बाभळीच्या लाकडाचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर जोडलेले पुठ्ठे, असे चाक सुताराने तयार करून द्यायचे आणि लोहाराने त्याच्या घेराहून किंचित लहान अशी लोखंडी कडी वळवायची. मग गोवऱ्यांच्या आगीत ती कडी लालबुंद तापवायची. दीड मीटर व्यासाच्या चाकाची कडी अशी तापली की तिचा घेर सहज तीन सेंटिमीटर वाढतो. तेवढ्यात चिमट्यांनी उचलून ती चाकावर बसवायची आणि वरून घागरी ओतायच्या. वाफेचा लोट उठे, लोखंड आकसे, आणि आरे, पुठ्ठे, तुंबा सगळे कडकड आवाज करीत एकमेकांत घट्ट बसत. १८९१ साली मिरजेहून कोल्हापुरात आगगाडी आली, तिच्या चाकांच्या पोलादी कड्याही याच युक्तीने बसवलेल्या असत. साहेबाचे यंत्र आणि आमचा लोहार यांचे शास्त्र एकच होते.

हे सारे पुराण आज काढण्याचे कारण माझा भाचा. वय वर्षे सव्वीस, नोकरी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, आणि छंद मोटार पळवण्याचा. रस्त्यावर नव्हे, एवढे त्याचे शहाणपण मी मान्य करतो. तो ‘ऑटोक्रॉस’ नावाचा खेळ खेळतो. वाचकांपैकी बहुतेकांना हा शब्द नवा असेल, म्हणून सांगतो. मोकळ्या मैदानावर किंवा डांबरी पटांगणावर प्लास्टिकचे शंकू मांडून वळणावळणांची वाट आखतात. एका वेळी एकच गाडी सुटते. कोणाच्या अंगावर जायचे नाही, कोणाला मागे टाकायचे नाही. भांडण फक्त घड्याळाशी. सारा खेळ मिनिटभरात आटोपतो. अमेरिकेत शंकू पाडला तर दोन सेकंदांचा दंड होतो, आणि तिथे या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा १९७३ पासून भरते. इंग्लंडात हाच शब्द गवताच्या आणि मातीच्या मैदानावरच्या शर्यतीला लावतात. आपल्याकडे दोन्ही रिवाज आहेत.

तर हा भाचा एके दिवशी हिशेबाचा कागद घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मामा, आईला तुम्ही समजावा. चाकं आणि टायर बदलायचेत.” आकडा ऐकून मीही दचकलो. त्याच्या आईचे म्हणणे असे की घराला गळती लागली आहे, पत्रे बदलायचे सोडून धड असलेली चाके कसली बदलतोस? म्हणणे काही खोटे नव्हते. कोल्हापूरचा पाऊस ज्याने पाहिला आहे तो माझ्या बहिणीच्याच बाजूने मत देईल. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. निवाडा देण्याआधी मागचे कागद पाहायची मला खोड आहे. म्हणून मी चाकाचे मागचे कागद चाळू लागलो.

हलक्या चाकाचे महत्त्व आपल्या मुलखाला मोटारीच्या आधीपासून कळलेले आहे. बैलगाडीच्या शर्यतींचा नाद कोल्हापूर-सांगलीकडे किती, हे काय सांगायचे? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून पुन्हा परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा उचलून धरला, तोवर कैक गावांच्या जत्रा मुक्या झाल्या होत्या. बैलांच्या हालांविषयी ज्यांनी तक्रार केली त्यांचे म्हणणे मला पोकळ वाटत नाही, पण तो विषय वेगळा. सांगायचे ते हे की शर्यतीची गाडी आणि उसाची गाडी यांत जमीन-अस्मानाचे अंतर. कागल तालुक्यातल्या एका वृद्ध सुताराला मी याविषयी विचारले, तर तो हसून म्हणाला, “गाडी कुठं पळतीया मास्तर? चाक पळतंय. साटीतलं वजन बैल एकदा ओढतोय, चाकाच्या कडंचं दोनदा.”

निरक्षर माणसाचे हे वाक्य मी घरी येऊन कागदावर तपासले आणि थक्क झालो. साटीत ठेवलेली वस्तू फक्त पुढे जाते. चाकाच्या कडेवरची वस्तू पुढे तर जातेच, शिवाय गोल फिरते. पुढे नेण्याला जेवढी शक्ती लागते, तेवढीच फिरवण्याला लागते. म्हणजे कडेवरचा एक किलो हा वेग देताना आणि वेग आवरताना दोन किलोंसारखा वागतो. सुताराचे ‘दोनदा’ हे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातले गणित होते, आणि तेही बरोबर!

ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी एक प्रयोग करावा. पायांत जाडजूड कापशी चपला घालून रंकाळ्याला एक फेरी पळत मारावी. मग त्या चपला पिशवीत घालून खांद्यावर घ्याव्या आणि दुसरी फेरी मारावी. वजन तेच, पण पायातले वेगळे आणि खांद्यावरचे वेगळे. मोटारीतही स्प्रिंगच्या वरचे वजन आणि खालचे वजन असा भेद आहे. चाक, टायर, ब्रेक हे स्प्रिंगच्या खाली राहतात. ते जड असले की खड्ड्यावरून उडालेले चाक जमिनीवर परत यायला वेळ लावते, आणि जे चाक जमिनीवर नाही ते गाडीला वळवीतही नाही, थांबवीतही नाही.

हवेच्या टायरचा इतिहास मोठा गमतीचा आहे. रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ सालीच हवा भरलेल्या टायरचा हक्क नोंदवला होता, पण लोक ते विसरून गेले. पुढे १८८८ साली बेलफास्टचा गुरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप याने तीच कल्पना नव्याने मांडली, आणि तीही पोराच्या तीनचाकीसाठी! पोराचा हट्ट पुरवण्यातून जगाचे दळणवळण बदलले, हा दाखला मी भाच्याला मुद्दाम सांगितला नाही. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरची मोटार उतरवली. वाटेत टायर इतक्यांदा फुटले की शर्यत गेली. टायर मात्र राहिला. त्या काळचे टायर फिकट पांढरे असत, हे वाचून मुलांना नवल वाटेल. रबरात काजळी मिसळली की ते कितीतरी पट टिकाऊ होते, हे १९१० च्या सुमारास कारखानदारांना उमगले आणि टायर काळा झाला. आपल्या देशात डनलॉपचा कारखाना १९३६ साली हुगळीकाठी साहागंजला निघाला. तो आता बंद पडला आहे. आणि ज्या एम.आर.एफ.चे टायर आज शर्यतींत धावतात, त्या कारखान्याची सुरुवात १९४६ साली मद्रासेत मुलांचे फुगे करण्यापासून झाली. फुगा काय आणि टायर काय, शेवटी रबरात कोंडलेली हवाच.

टायरचे रबर म्हणजे नुसते रबर नव्हे. त्यात काजळी, सिलिका, तेल, गंधक अशी भेसळ असते आणि त्या भेसळीवर पकड ठरते. खासबागेच्या शहरात हे समजायला अवघड नाही. तालमीतला हौदा नुसत्या तांबड्या मातीचा कधी असतो का? ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती माती मुरवावी लागते, तेव्हा ती पैलवानाचे अंग धरते आणि सोडतेही. मऊ टायर चांगला धरतो, पण लवकर झिजतो. कडक टायर पुष्कळ चालतो, पण वळणावर घसरतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरच्या अंगावर झिजेचा एक आकडा छापलेला असतो. तो लहान, तर टायर बहुधा मऊ. तिथल्या हौशी स्पर्धांत रस्त्यावरच्या टायरांच्या वर्गात दोनशेहून कमी आकड्याचा टायर चालत नाही, नाहीतर पैसेवाल्यांनी दर शनिवारी नवे टायर घातले असते.

भाच्याच्या कागदावर ‘उन्हाळी टायर’ असे लिहिलेले होते. मला हसू आले. हा शब्द बर्फाच्या देशांतला आहे. तिकडे पारा सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचे रबर कडक पडते, म्हणून हिवाळ्यासाठी वेगळे टायर ठेवतात. पन्हाळ्यावर माघातल्या पहाटे दात वाजतात हे खरे, पण टायर बदलण्याइतकी थंडी आमच्या नशिबी नाही. आमच्याकडचे टायर बारमाही उन्हाळीच. आमचा प्रश्न निराळा: मे महिन्यात तापून उठलेले डांबर आणि जुलैत रस्त्यावर उभे राहिलेले पाणी. टायरवरच्या खाचा नक्षीसाठी नसतात. पाण्याला वाट मिळाली नाही तर गाडी पाण्यावर तरंगते आणि मग चालकाच्या हातात चाक असून नसल्यासारखे होते. झिजलेल्या खाचांच्या टायरावर आषाढात घाट उतरणारे तरुण मी रोज पाहतो. त्यांना कोण सांगणार?

आता चाकाकडे येतो. दसऱ्याच्या दिवशी छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक मोटार चौकात येते, तेव्हा सारे कोल्हापूर तिचे रूप पाहायला लोटते. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतली, नव्वदीच्या घरातली ही जर्मन मोटार आजही तशीच दिमाखात चालते. तिच्या मंद मिरवणुकीला हलक्या चाकाची गरज नाही; राजेशाहीला वजन शोभते. पण ती मोटार येण्याच्या आधीच, १९२४ साली, फ्रान्समध्ये बुगाट्टीने आपल्या पस्तीस क्रमांकाच्या शर्यती मोटारीला अ‍ॅल्युमिनियमची ओतीव चाके लावली होती. आठ चपटे आरे आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला, अशी ती सुरेख चाके होती. लियाँच्या शर्यतीत ती उतरली, आणि झाले काय? चाके टिकली, टायरांनी दगा दिला. शर्यत आल्फा रोमिओने नेली. एकाच्या कसबावर दुसऱ्याचे ढिसाळ काम पाणी ओतते, ते असे.

ओतकाम म्हटले की कोल्हापूरकराची छाती फुगते. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी चलच्चित्राचा कॅमेरा घरच्या घरी घडवला, त्या गावाच्या उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात आज देशभरच्या मोटारींचे भाग ओतले जातात. माझा भाचाही अशाच एका कारखान्यात वाळूचे साचे तपासतो. पण त्याचे काम बहुतांशी बिडाचे. एका लिटरच्या भांड्यात मावणारे बीड सात किलोंच्या वर भरते, तेवढेच अ‍ॅल्युमिनियम पावणेतीन किलो आणि मॅग्नेशियम पावणेदोन. हे आकडे पाहून लोक फसतात. अ‍ॅल्युमिनियमचे चाक म्हणजे हलके चाक, असे मुळीच नाही. अ‍ॅल्युमिनियम पोलादाइतके भक्कम नसते, म्हणून ते जाड ओतावे लागते. शोभेची स्वस्त चाके कितीदा तरी मूळच्या पोलादी चाकाहून जड भरतात. खरे हलके चाक घडाईचे, म्हणजे दाबून ठोकून केलेले. त्यात धातूचे कण एकमेकांत घट्ट बसतात, म्हणून ते बारीक असूनही टिकते. आणि म्हणूनच ते महाग.

भाच्याने प्रथम एका दुकानातून नामवंत चाकांची नक्कल उचलली. दिसायला हुबेहूब. तिसऱ्याच सरावानंतर एका आऱ्याच्या मुळाशी केसाएवढी रेघ त्याला दिसली. हाताखालून रोज ओतीव माल जातो म्हणूनच दिसली, दुसऱ्या कोणाला ती ओरखडा वाटली असती. त्याने चाकावर रॉकेल चोळून पुसले आणि वर खडूची पूड भुरभुरली. रेघ ओली होऊन उमटली. चाक भेगाळले होते. दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत. त्या दिवशी घरात कोणी रागावले नाही. माझी बहीण ते चाक मांडीवर घेऊन बराच वेळ बोट फिरवत बसली आणि नंतर एवढेच म्हणाली, “दादा, जे घ्यायचं ते याला धड घेऊ दे.”

मग आम्ही दोघे बसलो. त्याच्या गाडीच्या टायरवर १६५/८० आर १४ असे लिहिलेले होते. त्याचा अर्थ असा: रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर, आणि आतले चाक १४ इंचांचे. मित्र सांगत होते, सोळा इंचांची चाके घाल, रुबाब येतो. मी म्हटले, वजन तुंब्यापासून जितके लांब जाईल तितके ते महागात पडते, हे कागलच्या सुताराने सांगून ठेवले आहे. १४ इंचच ठेवायचे आणि टायर १८५/७० घ्यायचा असे ठरले. टायर रुंद झाला, भिंत थोडी बुटकी झाली, आणि बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहिला, त्यामुळे वेगदर्शक काटाही खोटे बोलणार नाही. बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या छिद्राचे माप, चाक आत-बाहेर किती बसते, हे सारे त्याने पट्टी लावून मोजले. चार चाकांत मिळून सात किलो वाचले. पत्र्यांचे काम दिवाळीनंतर काढायचे ठरले. पाऊस तोवर संपलेलाच असतो.

कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंगची कार्टिंगची धावपट्टी आहे, तिथे राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्याही झाल्या आहेत. भाच्याबरोबर मी ती पाहायला गेलो. कार्ट हे वाहन मला बैलगाडीचे चुलत भावंड वाटले. तिला स्प्रिंग नाही. लवचीक सांगाडा हीच स्प्रिंग. पण एक भेद मोठा आहे. बैलगाडीची दोन चाके आसावर स्वतंत्र फिरतात, म्हणून ती सहज वळते. कार्टची मागची दोन्ही चाके आगगाडीसारखी एकाच आसाला जखडलेली असतात. त्यामुळे वळताना आतले मागचे चाक क्षणभर उचलले जावे लागते, नाहीतर गाडी सरळच जाऊ पाहते. दहा-बारा वर्षांची पोरे हे चाक लीलया उचलत होती. रस्त्यावर जीव धोक्यात घालणाऱ्या थोरांपेक्षा ती मला जाणती वाटली: शिरस्त्राण, हातमोजे, आणि झेंडा दिसला की थांबणे.

नव्या टायरात हवा किती ठेवावी, हा शेवटचा वाद होता. हवा कमी तर वळणावर टायर कुशीवर लोळतो, जास्त तर मधल्या पट्टीवर उभा राहतो. शिवाय तापल्यावर आतला दाब वाढतो तो वेगळाच. यावर हौशी लोकांची एक जुनी युक्ती आहे. टायरच्या खांद्यावर खडूने आडव्या रेघा ओढायच्या, एक फेरी मारायची आणि खडू कुठवर पुसला ते पाहायचे. खांद्याच्या खालपर्यंत पुसला तर हवा भरायची, वरच राहिला तर थोडी सोडायची. भाचा सकाळी स्पर्धेला निघताना माझ्या टेबलावरची खडूंची अख्खी पेटी घेऊन गेला. फळ्यापुढे चाळीस वर्षे काढल्यामुळे ती पेटी मी अजून बाळगून आहे, किंवा होतो म्हणू; कारण स्पर्धा होऊन तीन आठवडे झाले, तो नववा आला, आणि पेटी काही परत आलेली नाही.