मधल्या रेषेचा मागोवा

चैत्र लागला की वेल्हे आणि भोर तालुक्यांतल्या गावांच्या यात्रा सुरू होतात. सकाळी पालखी, दुपारी कुस्त्यांचा आखाडा आणि दिवस कलला की कबड्डी. भात निघालेलं एखादं खाचर त्यासाठी आधीच तयार केलेलं असतं. ढेकळं फोडायची, खडे वेचायचे, पाणी मारून माती बसवायची आणि मग त्यावर फक्की ओढायची. इथल्या माणसाला बांध ही काय चीज आहे हे कुणी शिकवावं लागत नाही. बांध कुठे संपतो यावरून तीन-तीन पिढ्या बोलणं टाकलेली घरं या खोऱ्यात आहेत. त्यामुळे फक्कीच्या मधल्या पट्ट्याकडेही लोक तसंच डोळ्यात तेल घालून बघतात.

तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावात पाहिलेली एक चढाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. शेवटचं मिनिट, दोन्ही संघ बरोबरीत. चढाई करणाऱ्या गड्यानं कोपऱ्यातल्या पोराला पायानं टिपलं आणि तो वळला. तेवढ्यात दुसऱ्या कोपऱ्यातून घोटा धरला गेला. मधला गडी कमरेवर पडला, तिसरा पाठीवर. हा खाली आडवा, तोंडात माती, तरी दम सुरूच आणि उजवा हात मधल्या रेषेकडे ताणलेला. शिट्टी वाजली आणि दोन्ही बाजूंची माणसं मैदानात घुसली. पंच गुडघ्यावर बसले. पकडापकडीत रेषा विस्कटली होती, तिच्याकडे बघून काही ठरणार नव्हतं. त्यांनी त्या पोराचा हात धरला, उलटा केला आणि दिव्याच्या उजेडात बोटं पाहिली. मधल्या बोटाच्या नखात पांढरी फक्की होती. सामना तिथंच संपला.

गुण एका फळ्यावर खडूनं लिहिलेले होते. पुढच्या सामन्यासाठी दहा मिनिटांत तो फळा ओल्या फडक्यानं पुसला गेला.

आता दुसरा हात. 30 जानेवारी 2000, अमेरिकेतलं अटलांटा शहर. तिकडच्या फुटबॉलचा, म्हणजे हातात लंबगोल चेंडू घेऊन, शिरस्त्राण घालून, एकमेकांना आडवं पाडत खेळतात त्या खेळाचा सर्वांत मोठा सामना, सुपर बोल. सेंट लुइस रॅम्स 23, टेनेसी टायटन्स 16. सहा सेकंद उरलेत आणि टेनेसीला दहा यार्ड जायचंय. स्टीव्ह मॅक्नेअरनं चेंडू फेकला, केव्हिन डायसननं तो धावता धावता झेलला आणि रॅम्सच्या माइक जोन्सनं त्याच्या पायांना मिठी मारली. डायसन पडता पडता चेंडू धरलेला हात लांबवतो, रेषेकडे ताणतो. कमी पडलं ते जेमतेम एक यार्ड, आपल्या हिशेबात तीन फूट. वेळ संपली. त्या ताणलेल्या हाताचं छायाचित्र अमेरिकेतल्या लहान पोरालाही ओळखता येतं.

दोन्ही हात सारखेच. एकाला रेषा लागली, एकाला लागली नाही. पण अटलांट्याच्या हाताचं साल, तारीख, सेकंद, अंतर, धरणाऱ्याचं नाव असं सगळं मी इथे बसून सांगू शकतो आणि माझ्या डोळ्यांदेखत झालेल्या हाताचं यातलं काहीच कागदावर नाही. हे मला फार सलतं. म्हणून या रेषेचाच मागोवा घ्यावा असं वाटलं.

अमेरिकन फुटबॉलची रेषा आकाशातून पडली नाही. 6 नोव्हेंबर 1869 रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांत झालेला सामना तिथला पहिला मानतात. तो एका बाजूला पंचवीस-पंचवीस पोरं घेऊन खेळला गेला, हातात चेंडू घेऊन पळायची मुभा नव्हती आणि आजच्या खेळाशी त्याचं नातं नावापुरतंच आहे. खरी कलाटणी मिळाली ती शेजारच्या कॅनडाकडून. मे 1874 मध्ये माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठाची पोरं हार्वर्डला खेळायला आली. दोघांचे नियम वेगळे, मग तोडगा निघाला: पहिला दिवस तुमच्या नियमांनी, दुसरा दिवस आमच्या. मॅगिलचे नियम रग्बीचे होते, चेंडू लंबगोल होता आणि तो उचलून पळता येत होतं. दुसऱ्या दिवशी एकही गुण झाला नाही, पण हार्वर्डच्या पोरांना हा पाहुण्यांचा खेळच जास्त आवडला. पुढे सगळ्या कॉलेजांत तोच पसरला. सामना कोण जिंकलं यापेक्षा दोन गावांनी एकमेकांचे नियम चाखून पाहिले, ही त्या दोन दिवसांतली मोठी गोष्ट.

रग्बीत चेंडू मिळवण्यासाठी दोन्हीकडची पोरं डोकी भिडवून रेटारेटी करतात. चेंडू कुणाकडे जाईल याचा नेम नाही. येल कॉलेजच्या वॉल्टर कॅम्पला हे पटेना. 1880 मध्ये त्यानं ठराव मंजूर करून घेतला: चेंडू एका संघाकडे असेल, दोन्ही संघ एका रेषेच्या अलीकडे-पलीकडे उभे राहतील आणि खेळ तिथून सुरू होईल. अकरा-अकरा गडी हेही त्याच वर्षी ठरलं. मधली रेषा जन्माला आली ती अशी.

पण रेषा आखली की तिच्या आडून वेळ काढणारेही जन्मतात. 1881 मध्ये येल आणि प्रिन्स्टन भिडले, तेव्हा एका अर्ध्यात एकानं आणि दुसऱ्या अर्ध्यात दुसऱ्यानं चेंडू नुसता धरून ठेवला. बघायला आलेली माणसं वैतागली, सामना 0-0. त्यावर 1882 मध्ये उपाय निघाला. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू सोडा. आता पाच यार्ड मोजायचे कसे? म्हणून संपूर्ण मैदानावर दर पाच यार्डांवर चुन्याची रेघ ओढावी लागली. वरून पाहिलं तर मैदान भाजण्याच्या लोखंडी जाळीसारखं दिसायला लागलं आणि त्या जाळीचंच नाव, ग्रिडायर्न, खेळाला पडलं. एका रडीच्या डावातून एवढ्या रेघा आल्या.

हीच खोड आपल्या खेळातही होती आणि औषधही अगदी तेच निघालं. आघाडीवर असलेला संघ चढाईला गडी पाठवतो, तो मधल्या रेषेजवळ घुटमळतो, कुणाला शिवत नाही आणि परत येतो. अशानं सामना मरतो. त्यासाठी आधी निदानरेषा आली: पुरुषांच्या मैदानात मधल्या रेषेपासून पावणेचार मीटरवर. कुणाला शिवला नाहीस तर किमान ती तरी ओलांड, नाहीतर बाद. तिच्या पलीकडे एक मीटरवर बोनस रेषा आली. पुढे प्रो कबड्डीत तिसऱ्या चढाईचा नियम आला. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्या, नाहीतर गडी बाहेर. तीन प्रयत्न तिकडेही, तीन प्रयत्न इकडेही. कॅम्पचा ठराव आमच्या मंडळींनी वाचला होता असं मला म्हणायचं नाही. दुखणं एक असलं की शहाणी माणसं वेगवेगळ्या खंडांत बसूनही एकाच उपायाशी येतात, आणि मला हे फार लोभस वाटतं.

आपली रेषा मात्र त्यांच्याहून जुनी. संतांच्या अभंगांत हुतूतूचं, हमाम्याचं नाव येतं, म्हणजे तेव्हा पोरं खेळत होतीच. अट्यापाट्यांचा तर सगळा खेळच रेघांचा. पाट्या धरायच्या, पाट्या ओलांडायच्या आणि लोण घेऊन परतायचं. कबड्डीत सगळा संघ बाद झाला की ‘लोण चढला’ म्हणतात, तो शब्द याच घरातला. मात्र नियम गावोगाव निराळे होते. संजीवनीत बाद गडी पुन्हा उठायचा, गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचा, अमरमध्ये बाद होऊनही आतच राहायचा आणि गुण मोजले जायचे. दुसऱ्या गावात खेळायला जायचं तर आधी भांडण नियमांचं, मग सामना. हार्वर्ड आणि मॅगिलची जी अडचण, तीच आपल्या दोन गावांमधली.

1918 मध्ये साताऱ्यात या खेळाला लेखी नियम देण्याचं काम झालं. 1923 मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं नियम ठरवून अखिल भारतीय सामने भरवले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं तिथे कबड्डी करून दाखवली. 1950 मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. पुढे शंकरराव साळवी, म्हणजे सगळ्यांचे बुवा, यांनी आयुष्य या खेळाला वाहिलं आणि 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली. भारतानं सुवर्ण घेतलं. बुवांचा जन्मदिवस, 15 जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

कॅनडानं आपली रेषा जरा वेगळी राखली. टोरंटो विद्यापीठाच्या बर्नसाइडच्या नावानं 1903 मध्ये आलेल्या नियमांनी तिकडे बारा गडी ठरले. मैदान अमेरिकेपेक्षा लांब-रुंद, 110 यार्डांचं. अमेरिकेनं 1912 मध्ये प्रयत्न चार केले, कॅनडा तीनवरच राहिला. आणि दोन संघांच्या मध्ये अमेरिकेत फक्त चेंडूच्या लांबीएवढं अंतर असतं, कॅनडात पूर्ण एक यार्ड. कबड्डीत तर हेही अंतर नाही, मध्ये फक्त फक्की.

कॅनडाचा एक प्रसंग मुद्दाम सांगतो, कारण गावच्या सामन्यात असं झालं असतं तर त्यावर वर्षभर पारावर चर्चा चालली असती. 29 नोव्हेंबर 2009, कॅलगरी, ग्रे कपचा अंतिम सामना. सास्कॅचवन पुढे होता. शेवटच्या क्षणी माँट्रियलच्या डेमन डुव्हालनं मारलेली लाथ हुकली, सास्कॅचवनची माणसं नाचत मैदानात आली. पण पंचांनी नारिंगी रुमाल टाकला होता. सास्कॅचवनचे मैदानात बाराऐवजी तेरा गडी होते. दंड म्हणून दहा यार्ड पुढून पुन्हा लाथ मारायला मिळाली, ती अचूक गेली आणि माँट्रियल 28-27 नं जिंकलं. तिकडे आजही ‘तेरावा गडी’ एवढं म्हटलं की पुरतं.

आपल्याकडेही तोडीस तोड प्रसंग आहे, तोही रेषेवरचाच. 7 ऑक्टोबर 2023, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतला अंतिम सामना, भारत आणि इराण 28-28. साधारण एक मिनिट उरलेलं. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणाला न शिवता बाजूच्या राखीव पट्ट्यात गेला. त्याच्यामागे इराणचे गडीही गेले. आता बाद कोण? फक्त पवन, की मागून आलेले सगळे? जुना नियम एक सांगत होता, नवा दुसरं. जवळजवळ तासभर सामना थांबला, दोन्ही संघ जमिनीवर बसून राहिले. शेवटी भारत 33-29 नं जिंकला.

तिकडचा तो फुटबॉलही पुण्यात येऊन गेला. 2011 मध्ये अमेरिकेतल्या मंडळींनी एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया जाहीर केली. आठ संघ, त्यातला एक पुणे मराठाज. 2012 चा पहिला हंगाम कोलंबोत खेळला गेला आणि पहिलं अजिंक्यपद पुणे मराठाजनी दिल्लीला हरवून जिंकलं. ज्या खेळाचं नावही पुण्यात फार कुणी ऐकलं नव्हतं, त्यात पुण्याचा संघ पहिला विजेता, ही लहान गोष्ट नाही. पण खेळ रुजला नाही. शिरस्त्राणं आली, खांद्यांची कवचं आली, छापील नियम आले. फक्त कुठल्या गावात त्या नियमांवरून भांडण झालं नाही, कुणी रेघ पुसून नवी ओढली नाही. कॉलेजांची मैदानं नाहीत, शाळेत शिकवणारं कुणी नाही, मग पोरं कुठून येणार? माझं मत असं की वरून आणलेला खेळ खाचरात उतरल्याशिवाय टिकत नाही. कबड्डी मात्र खाचरातून थेट मॅटवर गेली. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादमध्ये पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला 28-25 नं हरवून प्रो कबड्डी जिंकली, कर्णधार अस्लम इनामदार.

त्याच मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायचं ठरवलं. तालुक्याच्या नावाचा कागद झाला, तसा इथल्या खेळाचाही व्हायला हवा. राजगड-तोरण्याच्या घेऱ्यात, गुंजवणी-कानंदीच्या खोऱ्यांत, भोरच्या नीरा खोऱ्यात पन्नास-साठ वर्षांपूर्वी खेळलेले गडी अजून आहेत. कुणाच्या गुडघ्याची वाटी सरकली, कुणाचं बोट वाकडं आहे. विचारलं की सांगतात, कुठल्या यात्रेत, कुणाला, कशी पकड घातली ते. अमेरिकेतल्या एका यार्डाची नोंद इतक्या वर्षांनीही मला सापडते, याचं कारण तिथे सामना चालू असताना कुणीतरी लिहीत बसलेलं असतं. गुणलेखक आपल्याकडेही असतो, फक्त त्याचा फळा पुसला जातो.

येत्या चैत्रात तुमच्या गावच्या यात्रेत कबड्डी असेल तर एक शंभरपानी वही घेऊन जा. तिथी आणि तारीख, दोन्ही गावांची नावं, सातही गड्यांची नावं, पंच कोण होते, शेवटची चढाई कुणाची आणि बोटाला फक्की लागली होती की नाही, एवढं लिहा. वही मंदिराच्या कपाटात ठेवा आणि पुढच्या वर्षी तीच वही बाहेर काढा.