मानसरोवर ते रे रोड, मार्गे १६२८

कामोठ्याहून निघा, मानसरोवरला सीएसएमटी लोकल पकडा. शिवडी, कॉटन ग्रीन मागे पडलं की 'रे रोड' येतं. इथे उतरा आणि वर्षं उलटी मोजायला लागा.

१९१०. कोळशाच्या धुराने डोळे चुरचुरतात. रे रोड ते कुर्ला गाड्या नुकत्याच धावू लागल्यात. ज्यांचं नाव या फलकावर आहे ते लॉर्ड रे १८८५ ते १८९० मुंबईचे गव्हर्नर होते.

१८८६, पुणे. कोऱ्या दगडी मंडईत तुम्ही उभे आहात. नाव रे मार्केट. तिच्या खर्चाला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता, हा पैसा शिक्षणावर लावा म्हणून. पुढे मंडईला त्यांचंच नाव मिळालं, हे फार योग्य झालं.

१८७५. आता तुम्ही नेदरलँड्समध्ये आहात. स्कॉटलंडमधले नववे लॉर्ड रे अविवाहित वारलेत. किताब जातो पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मॅके शाखेकडे. वडील दहावे लॉर्ड होतात, वर्षाच्या आत जातात. हेगमध्ये जन्मलेला मुलगा डोनाल्ड अकरावा होतो. हेच आपले गव्हर्नर.

किताबाबरोबर जमीन? १८२९ मध्ये या. सातवे लॉर्ड घराण्याची सगळी जमीन सदरलँड घराण्याला विकतायत. वतन गेलं, नाव उरलं. जमीन सिडकोकडे गेलेल्या कामोठ्याच्या जुन्या कुटुंबांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१६२८. स्कॉटलंडचं उत्तर टोक, हाडं गोठवणारा वारा. राजा पहिला चार्ल्स सर डोनाल्ड मॅकेला लॉर्ड करतो. या मॅकेनेच दोन वर्षांपूर्वी युरोपातल्या युद्धासाठी माणसं जमवली होती. या एका सनदेवर वंशावळ चालत राहिली.

परत या, पण १९२१ ला थांबा. अकरावे लॉर्ड निपुत्रिक वारले. १८८१ चा त्यांचा स्वतःचा ब्रिटिश किताब तिथेच संपला. १६२८ चा मात्र चुलतघराण्यात गेला. आज पंधरावे लॉर्ड रे तो सांभाळतात.

आपल्या विधिमंडळाने २०२४ मध्ये मुंबईतल्या काही स्टेशनांची ब्रिटिश नावं बदलायचा ठराव केला. उद्या रे रोडचं घोडपदेव झालं, तरी माझी हरकत नाही. वस्तीचं नाव स्टेशनाला मिळावं, हे मला मान्य आहे. रेल्वेला विनंती एवढीच, की जुना फलक उतरवताना हा इतिहास सांगणारी चार ओळींची पाटी फलाटावर लावा.